कुत्रीचं सिझर आणि त्याआधीचे त्रेसष्ट दिवस

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी प्राण्यांच्या दवाखान्याचं बिल मोबाइलवरून फिरायला लागतं. पगचं नाहीतर फ्रेंच बुलडॉगचं सिझर, खाली हजारांतला आकडा आणि वर कुणाचा तरी संताप: माणसांची हॉस्पिटलं लुटत होती ते कमी होतं, आता कुत्र्यांच्या डॉक्टरांनीही तोच धंदा मांडलाय. लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कुत्रीचं बाळंतपण तिचं तीच करते, रस्त्यावरची कुत्री सिमेंटच्या पाइपात सहा पिल्लं घालते ती कुठल्या सर्जनला विचारून? दुसऱ्या तटावर आम्ही डॉक्टर मंडळी आणि आमच्या खांद्यावर बंदूक ठेवून उभे असलेले ब्रीडर, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणारे: विज्ञान पुढे गेलंय, जीव वाचतायत, तुमच्या पोटात का दुखतं? सगळं भांडण ऑपरेशनच्या त्या एका रात्रीवरून चालतं, आणि माझ्या मते त्या रात्रीबद्दल भांडण्यासारखं फार थोडं आहे. कुत्री अडली असेल तर पोट उघडायचं. त्यात चर्चा नको, उशीर तर नकोच. विचारायचं ते वेगळं आहे. जी मादी स्वतः व्यायू शकणार नाही हे आधीच ठाऊक होतं, तिला नर दाखवला कुणी? आणि त्रेसष्ट दिवसांनी ती टेबलावर येणारच असं धरून तारीख कुणी देऊन ठेवली? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच व्यवसायात सापडतं. म्हणूनच बहुधा आमच्याकडून तो फारसा विचारला जात नाही.

रस्त्यावरच्या कुत्रीचा दाखला खोटा नाही. सगळ्या जातींचा मिळून हिशेब केला तर बाळंतपणात अडचण येण्याचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास. बाकीच्या रात्री कधीतरी कोपरा उकरतात, अंथरूण फाडतात, आणि घरातली माणसं उठेपर्यंत पिल्लं चाटून साफ झालेली असतात. घाईने पोट उघडणारे दवाखाने आहेत, हेही खरं. मालक घाबरलेला असतो, डॉक्टरला रात्र जागवायची नसते, ब्रीडरला एकूण एक पिल्लू जिवंत हवं असतं. मग तिघांच्या सोयीची वेळ निघते संध्याकाळी सात. पिल्लांची फुप्फुसं मात्र कुणाच्या सोयीने तयार होत नाहीत. दोन-तीन दिवस आधी काढलेलं पिल्लू दिसायला पुरतं असतं, श्वास तेवढा घेत नाही. म्हणून ‘सिझर करावं लागेल’ असं सांगितलं गेलं की मालकाने बिनदिक्कत विचारावं. कळा किती वेळ चालू आहेत? जोरदार कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, तर ते कारण आहे. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट स्राव आला का? आला असेल तर वार सुटली आहे, थांबायला वेळ नाही. सोनोग्राफीत पिल्लांचे ठोके किती? मिनिटाला दोनशेच्या वर असायला हवेत. ऐंशी-शंभराचं गणित मोठ्या माणसांचं, इथे एकशेऐंशीच्या खाली गेलं की धावपळ. काहीच सुरू झालेलं नसेल, तर मादीचं तापमान उतरलंय का, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, पडलंय का? ज्या दवाखान्याकडे यातल्या एकाचंही उत्तर नाही आणि तारीख मात्र तयार आहे, त्याच्यावर संशय घ्यायला माझी हरकत नाही.

मात्र त्या दाखल्यात एक कुत्री कुणी मोजत नाही. रस्त्यावरची जी व्यायू शकली नाही, ती नाल्याच्या कडेला पोटातल्या पिल्लांसकट मेली. तिचा वंश तिथेच संपला. आज आपल्याला दिसणारी गावठी कुत्री ही अशा आयांची लेक आहे, ज्या एकीमागून एक, कुणाच्याही मदतीवाचून व्यायल्या. तिची सुलभ प्रसूती ही अशी पिढ्यान् पिढ्यांच्या मरणांतून चाळून आलेली आहे. बुलडॉगच्या वाटेतली ही चाळणी माणसाने काढून घेतली. ब्रिटनमधल्या नोंदणीकृत कुत्र्यांच्या बावीस हजार बाळंतपणांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात बोस्टन टेरियरची ९२ टक्के, बुलडॉगची ८६ टक्के आणि फ्रेंच बुलडॉगची ८१ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आढळली. या आकड्यांना डॉक्टरचा लोभ पुरेसा पडत नाही. एकाच देशात, त्याच डॉक्टरांकडे इतर कितीतरी जाती नैसर्गिकपणे वीत होत्या. इथे कारण हाडांत आहे: पिल्लाचं डोकं आणि खांदे रुंद, आईच्या कमरेच्या हाडांची कमान अरुंद. शिवाय नाक इतकं आखूड की दोन कळांमध्ये तिला पुरेसा श्वासही घेता येत नाही. अशा मादीच्या मालकाला ‘निसर्गावर सोडा’ असं सांगणं म्हणजे तिला मरू द्या असं सांगणं.

या सल्ल्याचं घरगुती रूप मी वरचेवर पाहतो. गाई-म्हशींना पान्हा सोडण्यासाठी गैरमार्गाने टोचलं जाणारं ऑक्सिटोसिन कुत्र्यांच्या ब्रीडरांच्या फ्रीजमध्येही असतं. मादी कळा देऊन थकली की एक इंजेक्शन, अर्ध्या तासाने दुसरं, मग तिसरं. वाट मोकळी असेल आणि गर्भपिशवी नुसती दमलेली असेल, तर योग्य मात्रेत हे औषध, जोडीला कॅल्शियम, खरोखर काम करतं. पण वाटेत पिल्लाचं डोकं आडवं बसलेलं असताना गर्भपिशवीला आवळायला लावलं, तर वार सुटते, पिल्लं गुदमरतात आणि कधी पिशवीच फाटते. मग पहाटे चारला ती गाडीच्या मागच्या सीटवर ओल्या चादरीत येते. त्या पहाटेचं बिल मोठं असतंच.

टेबलावर काय घडतं तेही सांगायला हवं, कारण दोन्ही तटांच्या बोलण्यात ते कधीच नसतं. भूल देण्याआधीच पोटाचे केस काढून घेतलेले असतात, म्हणजे भुलीखाली मिनिटं वाया जात नाहीत. पिशवी उघडली की पिल्लं एकेक करून मदतनिसांच्या हातातल्या टॉवेलमध्ये पडतात. आईला दिलेली भूल त्यांच्यातही उतरलेली असते, त्यामुळे ती मऊ, ओली, निपचित. तोंडातला चिकटा ओढून काढायचा, केसांच्या उलट्या दिशेने खसाखसा चोळायचं. तरी हालचाल नसेल तर नाकाखाली, वरच्या ओठाच्या खाचेत बारीक सुई टोचायची. बऱ्याचदा तिथेच पहिलं चिरकणं ऐकू येतं. हे सगळं चालू असताना मी आईच्या पोटाला टाके घालत असतो. इतर जातीच्या मादीची भूल उतरली की ती घशातली नळी चावायला लागते आणि आम्ही ती झटकन काढतो. बुलडॉगची गोष्ट निराळी. ती डोळे उघडते, मान वर करते, आजूबाजूला बघते आणि घशात नळी तशीच ठेवून शांत बसून राहते. धडधाकट कुत्र्याला एक क्षणही सहन होणार नाही अशी ती प्लास्टिकची नळी तिला हवीशी वाटते, कारण एवढी मोकळी हवा तिला एरवी मिळतच नाही. ‘आमची मस्त घोरते हो’ असं कौतुकाने सांगणाऱ्या प्रत्येक मालकाने ही पाच मिनिटं उभं राहून पाहावीत अशी माझी फार इच्छा आहे.

आता आमच्या तटाचा भक्कम मुद्दा. रात्री अडल्यावर धावतपळत केलेल्या सिझरपेक्षा आधी ठरवून, तपासण्या करून केलेलं सिझर अधिक सुरक्षित असतं. हे निर्विवाद आहे. अमेरिका-कॅनडातल्या ८०८ सिझरांच्या एका जुन्या पाहणीत दगावलेल्या आया साधारण एक टक्का होत्या, आणि जन्मताना ९२ टक्के पिल्लं जिवंत होती. सात दिवसांनंतर ८० टक्के. निम्म्याहून जास्त ऑपरेशनं आयत्या वेळची असताना हे आकडे वाईट नाहीत. मग ज्या जातीचं बाळंतपण अडणारच, तिचं आधीच ठरवून केलं तर चुकलं काय? त्या एका मादीपुरतं काहीच चुकलं नाही. गफलत होते ती एका मादीचं उत्तर सगळ्या जातीला लावण्यात. बेल्जियममधल्या ‘बेल्जियन ब्लू’ गाईंचं उदाहरण घ्या. दुप्पट मांसल स्नायूंसाठी त्या निवडून निवडून वाढवल्या गेल्या, वासरं अवजड झाली, जन्माची वाट अरुंद राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाय उभी ठेवून, कुशीत जागेवरची भूल देऊन सिझर करणं तिथल्या पशुवैद्यांना सरावाचं झालं, आणि तसतशी ही जात आणखी मांसल होत गेली. आज त्यांच्यातल्या दहापैकी नऊहून अधिक वासरांचा जन्म सुरीखालून होतो. सर्जन चांगले होते म्हणून हे झालं. वाईट असते तर शेतकऱ्याला दोन-चार गाई गमावून शहाणपण आलं असतं. आमचं कौशल्य हा त्या जातीच्या कमरेचा पट्टा झाला, आणि पट्टा आहे म्हणून पोट सुटत गेलं. बुलडॉगचा प्रवास याहून जुना आहे. १८३५ साली ब्रिटिश कायद्याने बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ बंद केला. काम गेलं, कुत्रा उरला, आणि पुढच्या दशकांत तो प्रदर्शनातल्या परीक्षकांच्या नजरेसाठी घडवला जाऊ लागला. बैलाशी झुंजणाऱ्याला पळायला पाय आणि श्वासाला नाक लागत होतं. परीक्षकापुढे उभं राहायला यातलं काहीच लागत नाही.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, बायकांची सिझर वाढलीच आहेत की, मग कुत्र्यांचंच काय एवढं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) देशातल्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसतं, आणि तो वाद गंभीर आहे. तो कुत्रीवर जसाच्या तसा चिकटवला की दोन्हींचा विचका होतो. बाई संमती देऊ शकते, नाकारू शकते, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकते. निदान तिला ते करता यावं असं आपण मानतो. आणि मुलाचं डोकं रुंद यावं म्हणून कुणी बाईचा नवरा निवडत नाही. या शस्त्रक्रियेचा इतिहासही इथे उपयोगी आहे. कित्येक शतकं ती मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या बाईवर, पोटातल्या मुलासाठी केली जायची; आई जगेल अशी कुणाची अपेक्षाच नसे. १८८२ साली जर्मन डॉक्टर मॅक्स झेंगर यांनी गर्भपिशवीला नीट टाके घालण्याची पद्धत मांडली आणि त्यानंतर हळूहळू हे ऑपरेशन आईचंही झालं. ब्रीडरच्या ठरवलेल्या सिझरमध्ये आपण पुन्हा मागे गेलो आहोत. आई वाचावी असं सगळ्यांनाच वाटतं, कारण तिच्याकडून अजून दोन वेत घ्यायचे असतात. पण चिरा पडतो तो पिल्लांसाठी, आणि एका फ्रेंच बुलडॉग पिल्लाच्या किमतीत ऑपरेशनचा खर्च निघून वर उरतो. हा हिशेब बसतो, तोवर सिझर ही ब्रीडरला आपत्ती वाटत नाही. तो त्याच्या उत्पादनखर्चातला एक रकाना असतो.

मग डॉक्टरांनी नकार द्यावा का? आमच्या बाजूचा सगळ्यात बळकट आक्षेप इथेच आहे: आम्ही नाही म्हटलं तर ते शिकाऊ कंपाउंडरकडे जातील, घरीच इंजेक्शनं टोचतील, आणि भोगेल ती मादी. हे शंभर टक्के खरं आहे, म्हणून नकार हा उपाय मी सुचवत नाही. पण ‘आम्ही नाही केलं तर दुसरा करेल’ हे वाक्य महाराष्ट्राने पूर्वी ऐकलेलं आहे. सोनोग्राफीने गर्भाचं लिंग सांगण्याचा बाजार मांडला गेला तेव्हा डॉक्टरांपैकी अनेकजण हेच म्हणत होते, वर यंत्राचा काय दोष अशी पुस्ती. दोष यंत्राचा नव्हताच. १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा त्यावर कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, आणि त्यातून पुढे यंत्राची नोंदणी, प्रत्येक तपासणीचा अर्ज, त्याखाली डॉक्टरची सही ही पद्धत बसली. बाईच्या आणि कुत्रीच्या दुःखाची मी तुलना करत नाही. तुलना करतोय ती व्यवसायाच्या सबबीची. त्या कायद्यातून पळवाटा निघाल्या, तरी ‘मला काय ठाऊक’ म्हणण्याची सोय गेली.

कुत्र्यांच्या बाबतीत ही सोय शाबूत आहे. २०१७ साली केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. ब्रीडरने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादीला दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांनंतर नर दाखवायचा नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाहीत, आणि नर दाखवण्याच्या किमान दहा दिवस आधी पशुवैद्याकडून ती निरोगी असल्याचा दाखला. नियम वाचायला छान आहेत. त्यांत वेत मोजले आहेत, ते वेत बाहेर आले कुठून हे मोजलेलं नाही. म्हणजे पाचही वेत पोट फाडून काढले तरी कागदावर सगळं रीतसर. ब्रिटनमध्ये जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या केनेल क्लबने २०१२ पासून, दोन सिझर झालेल्या मादीच्या पुढच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. इंग्लंडच्या २०१८ च्या परवाना नियमांत अशा मादीला नर दाखवायलाच मनाई आहे. आपल्याकडे ही एक ओळ घालायला काय अडचण आहे? मादीच्या पोटावर आधीचा व्रण आहे का, हे तिला निरोगी ठरवून दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरला बऱ्याचदा हाताने चाचपून कळतं. सही आमचीच आहे. आम्ही ती डोळे मिटून करतो, एवढंच.

घरात एकच कुत्री पाळणारे यावर सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण हे सगळं ब्रीडरांचं चाललंय. त्यांनीही जरा थांबावं. ‘एकदा तरी तिला आई होऊ दे’ हे वाक्य मला धंदेवाईक माणसांपेक्षा प्रेमळ माणसांकडूनच जास्त ऐकू येतं. एक वेत झालं की कुत्री शांत होते, तिला समाधान मिळतं, पुढचे आजार टळतात, यातल्या कशालाही आधार नाही. उलट वेळेवर केलेल्या नसबंदीने गर्भपिशवीत पू होण्यासारखे जिवावरचे आजार टळतात. तुमची मादी पग असेल, तर तुम्ही तिला देताय तो आईपणाऐवजी पोटावरचा चिराही असू शकतो.

‘म्हणजे पग संपवायचे का?’ हा प्रश्न येणारच. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि गल्लोगल्ली पग झाले; त्या पिढीच्या कित्येकांना ते कुत्रं घरच्या माणसासारखं आहे. आहे तो पग जगावा, लाडात जगावा, उन्हाळ्यात एसीतही झोपावा. प्रश्न पुढच्या पिढीच्या नाकाचा आहे. नेदरलँड्सने २०१९ मध्ये मोजमाप ठरवलं: डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून मुस्कट आखूड असेल, तर त्या कुत्र्याची पैदास नाही. नॉर्वेत हा वाद न्यायालयात गेला. २०२२ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने बुलडॉग आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या दोन्ही जातींची पैदास बेकायदा ठरवली, अपिलात बुलडॉग सुटला, कॅव्हेलियरवरची बंदी सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये कायम ठेवली. बुलडॉग सुटला हे मला पटत नाही, पण तिथे प्रश्न निदान नेमका विचारला गेला. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी आणण्याविषयी राज्यांना पत्र पाठवलं, ते या जाती माणसाला चावतात म्हणून. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत ते टिकलं नाही. कुठली जात माणसाला धोकादायक यावर एवढा खल झाला. कुठल्या जातीला माणसाची हौस धोकादायक, याची यादी कुणी मागितली नाही.

यावर ‘देशी पाळा’ असं एक सोपं उत्तर असतं आणि मीही ते अर्धंच देतो. आपला कारवान लांब नाकाचा, सडपातळ, बिनबोभाट विणारा कुत्रा आहे, पण तो मोकळ्या रानात ससा धरायला घडलेला. त्याला सातव्या मजल्यावर कोंडणं हाही छळच. गावठी पिल्लू घरी न्या, हे मात्र मी हक्काने सांगतो. आणि पगच हवा असेल, तर विकत घेण्याआधी त्याच्या आईची किती सिझर झाली ते विचारा. ब्रीडर बिचकला की उत्तर मिळालं.

आमच्यासाठी करण्याजोगं काम याहून रूक्ष आहे. प्रत्येक सिझरची चार ओळींची नोंद: मादीच्या कातडीखालच्या चिपचा नंबर, जात, कितवं सिझर, कारण काय. दुसऱ्या सिझरच्या वेळी मालकापुढे ठेवलेल्या संमतीपत्रात एक ओळ, याच भुलीखाली गर्भपिशवी काढून टाकायची का. मादीची तब्येत सावरलेली असेल तर ते शक्य असतं, आणि पिल्लांच्या दुधावर त्याचा परिणाम होत नाही. ‘नको’ म्हणण्याचा हक्क मालकाचा. पण ते ‘नको’ त्याच्या सहीने फाइलला लागलेलं असावं, आणि त्या मादीला पुढचा निरोगीपणाचा दाखला देणाऱ्याला ते दिसावं. राज्याच्या पशुवैद्यक परिषदेने मनावर घेतलं तर सुरुवात एका परिपत्रकानेही होईल. पहिल्या वर्षी निम्म्या नोंदी खोट्या असतील, हे मला माझ्या व्यवसायबंधूंना ओळखून असल्यामुळे नीट ठाऊक आहे. असू देत. खोटी नोंद करायलाही कुणाला तरी सही करावी लागेल, आणि सहीखाली त्याचा नोंदणी क्रमांक असेल.